जायच्या आधीचे बावीस दिवस

घरात लहान पोरं असली की किस्से जमवावे लागत नाहीत. खळ्यावर भुसा साचतो तसे ते साचत जातात, आणि कितीही झाडलं तरी कोपऱ्यात थोडे उरतातच. परवा पारावर चहा घेताना कुणीतरी विचारलं, "काय, गेली का नातवंडं?" मी नुसतं "गेली" म्हणून थांबणार होतो. पण तासभर बोलत बसलो.

आधी माणसं सांगतो. आमचा मुलगा संदीप हिंजवडीत नोकरीला, राहायला सूसला. कंपनीनं त्याला नेदरलँड्सला पाठवायचं ठरवलं, निदान तीन-चार वर्षांसाठी. डिसेंबरात फ्लॅट सोडला आणि विमानाला बावीस दिवस उरले. संदीप आणि सूनबाई प्राजक्ता कागदपत्रांच्या मागं पुण्यात, पोरं आमच्याकडं. आमचं घर पौडच्या पुढं, डोंगराच्या उतारावर. खाली भातखाचरं. रेवा आठ वर्षांची, निनाद साडेचारचा. त्याला सगळे निनू म्हणतात. घरात मी आणि माझी बायको सुमन. मी ग्रामपंचायतीत क्लार्क होतो, आता शेती आणि एक म्हैस.

त्या बावीस दिवसांत सुमननं जाण्याचा विषय एकदाही काढला नाही. दुसऱ्या कुणी काढला की ती उठून गोठ्यात जायची. म्हशीला आयुष्यात एवढी वैरण कधी मिळाली नव्हती.

*

प्राजक्तानं रेवाच्या टॅबमध्ये डच भाषा शिकायचं ॲप घातलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा चुलीपाशी गेली आणि आजीला म्हणाली, "खुये मॉर्खन." म्हणजे सुप्रभात. त्या भाषेत काही अक्षरं घशातून खरवडून काढतात म्हणे.

सुमननं तिच्या कपाळाला हात लावला. "ताप न्हाई. पर घसा पार बसलाय पोरीचा."

लगेच हळद आणि गूळ घातलेलं गरम दूध. दुसऱ्या दिवशी परत खुये मॉर्खन, परत दूध. तिसऱ्या दिवशी निनूसुद्धा खाकरत आला. मला खरं काय ते ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. पेलाभर दूध मलाही मिळत होतं.

रविवारी प्राजक्ताचा फोन आला. "रेवा, डच किती झालं गं?"

"एकच वाक्य झालंय आई," रेवा म्हणाली. "पण इथं त्याचा अर्थ वेगळा आहे. इथं त्याचा अर्थ दूध दे."

*

रेवाला स्वतःच्या पासपोर्टचं फार अप्रूप. तिनं जुन्या वहीची पानं दुमडून आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट करायला घेतले. समोर बसवून चित्र काढायची, माहिती विचारायची, आणि बटाट्याच्या फोडीला शाई लावून शिक्का मारायची. म्हशीचाही झाला. तिच्या चित्राला पान पुरलं नाही, म्हणून एक शिंग मागच्या पानावर गेलं.

सुमनची पाळी आली. "आज्जी, जन्मतारीख?"

"म्हाईत न्हाई बाई."

"असं कसं? काहीतरी असेल ना."

सुमननं विचार केला. "आय म्हणायची, तू झालीस तवा पाऊस लई झालता."

रेवानं मान डोलावली आणि लिहिलं: जन्मतारीख, लई पाऊस.

हे सगळं हरभऱ्याच्या खुरपणीला आलेली ठकूबाई बघत होती. डोंगरावरच्या वाडीतली बाई. हात धुऊन ती पदराला पुसत आली आणि ओटीच्या कडेला बसली.

"माझा बी काढ," ती म्हणाली. "मला कुटं जायचं न्हाई. पर असू दे."

तिच्या पासपोर्टला रेवानं सगळ्यात जास्त वेळ लावला. मागचा डोंगरही काढला. ठकूबाईनं तो घडी करून पिशवीत ठेवला आणि मग दिवसभर ती खुरपताना मधेच थांबून पिशवी चाचपायची.

*

एका दुपारी निनू हरवला.

जेवण झालं होतं. उन्हात सगळं पेंगुळलेलं, कुत्रंसुद्धा. मी जरा आडवा झालो, उठलो तर पोरगं नाही. हाका मारल्या. सुमन अनवाणी खाचरात पळाली. रेवा रडायला लागली. शेजारची चार माणसं धावत आली. मी तीन वेळा विहिरीत डोकावलो. पाणी एवढं स्वच्छ होतं की तळाचे दगड दिसत होते, तरी तीन वेळा डोकावलो. संदीपला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

अर्ध्या तासानं रेवाला भाताच्या पेंढ्याच्या गंजीतून एक मोजा लोंबताना दिसला. आत पोकळी करून निनू गाढ झोपला होता. गालावर काड्यांचे वळ उठलेले. सुमननं त्याला ओढून छातीशी धरलं.

"अरे, एवढ्या हाका मारल्या, ऐकू नाही आल्या?" मी विचारलं.

"आल्या की," तो डोळे चोळत म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्या स्वप्नातच आलाय. मग कशाला उठू?"

*

शेवटचे दोन दिवस संदीप आणि प्राजक्ता बॅगा घेऊन आले. एका बॅगेचं वजन तेवीस किलोच्या वर चालत नव्हतं. आमच्याकडं भाताची पोती मोजायचा काटा आहे, तो ओटीवर मांडला. सुमननं आधीच एका बॅगेत पाच किलो इंद्रायणी कोंबला होता. काटा ते लपू देईना.

संदीप म्हणाला, "आई, तिकडं तांदूळ मिळतो गं."

"मिळंल. वास येतो का त्याला?"

संदीपनं तांदूळ बाहेर काढला. मग बॅगेतले स्वतःचे बूट आणि जाड कोट बाहेर काढला, कोट खुंटीला अडकवला आणि तांदूळ परत आत ठेवला.

"आन थंडीत काय घालशील?" सुमननं विचारलं.

"भात खाईन," तो म्हणाला.

*

निघायच्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. उतारावर आमचं घर तेवढं वर राहिलं होतं. खालची खाचरं, विहीर, रस्ता, पलीकडचा डोंगर, काही म्हणता काही दिसत नव्हतं. ओटीपासून नुसतं पांढरं.

संदीप-प्राजक्ता अजून झोपलेले. निनू एकटाच उठला, बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. आदल्या दिवशी आईनं त्याला समजावलं होतं की विमानात बसलं की ढग आपल्या खाली दिसतात. तो हळूच आत गेला, बूट घालून, पाठीला सॅक लावून आला आणि ओटीच्या कडेला पाय खाली सोडून बसला.

"आजोबा, सुटलं का?"

मी म्हटलं, "सुटलं बहुतेक."

सुमन चहा घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं. मला वाटलं, आता ही गोठ्याकडं जाणार. ती आली आणि निनूच्या शेजारी बसली. त्याच्या पायांवर शाल टाकली.

निनूनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हणजे तुम्ही दोघं पण आलात?"

"आलो की," सुमन म्हणाली.

मग मीही टेकलो आणि आम्ही तिघं पाय सोडून बसलो. खालून कुठूनतरी एका बैलाच्या घुंगरांचा आवाज आला आणि गेला. निनू सुमनच्या मांडीवर कलंडला, पण डोळे उघडे होते.

ऊन वर आलं तसं पांढरं पातळ व्हायला लागलं. आधी आंब्याचा शेंडा निघाला. मग विहिरीचा कठडा. मग पेंढ्याची गंजी, बांध, रस्त्यावरनं दुधाचे कॅन घेऊन जाणारी मोटारसायकल. निनू उठून उभा राहिला. एकेक गोष्ट नीट बघितली.

"आज्जी," तो म्हणाला, "हे नेदरलँड्स तर अगदी आपल्या घरासारखंच आहे."