बारशाच्या सीडीतला पाळणा

रुपाला लहानपणापासून मोजून काम करायची सवय. साखरा गावच्या शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी दोसुतीचं कापड वाटलं की बाकीच्या मुली भराभर सुई ओढायच्या आणि गुंता घेऊन बाईंकडे धावायच्या. रुपा आधी कापडावरची घरं मोजायची, ओठांतल्या ओठांत, आणि मगच टाका घालायची. तिने भरलेल्या पोपटाची चोच कधी एका घराने सरकली नाही. बाई कौतुकाने म्हणायच्या, "ही पोरगी सासरी गेली की दारावर तोरणंच तोरणं दिसतील."

सासरी ती गेली, पण तोरण एकच झालं, तेही अर्धं. लग्नानंतर दोन वर्षांनी ती पहिल्या बाळंतपणाला आईकडे, मिराबाईकडे साखऱ्याला आली. मिराबाईने जळबा सुताराकडून सागवानी पाळणा करून घेतला. चारी बाजूंनी लाकडी गज, आणि वर टांगायला रंगीत राघूंचं चिमणाळं. मुलगी झाली. पाळणा टांगायचा तो बाराव्या दिवशी, बारशाला. त्याआधीच लेकराच्या अंगावर पिवळेपणा चढला. जीप करून हिंगोलीला नेलं, पण परत येताना मिराबाईच्या मांडीवरचं गाठोडं हलत नव्हतं. नाव ठेवायचं राहून गेलं. घरातल्या कुणाला त्या लेकराबद्दल बोलायचं झालं, तर ते "ती" एवढंच म्हणत.

जळबा पाळण्याचे पैसे घ्यायला आलाच नाही. मिराबाईने तो माळ्यावर चढवला, पण रिकामा ठेवायला तिचं मन धजेना. टोकाचा टवका उडालेला एक जुना वरवंटा घरात पडून होता. तिने तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पाळण्यात निजवला. रुपाने ते खालून पाहिलं आणि भाकरीकडे लक्ष वळवलं.

नवरा, दिपक, सुरुवातीला शेजारच्या एसटीडीवर फोन करायचा. "थोडी तब्येत सुधरू दे, मग येतो न्यायला," म्हणायचा. पुढं फोन विरळ झाले आणि मग थांबले. रुपाने वाट पाहणंही हळूहळू सोडलं. घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून ती जीपने सेनगावला जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि ओमप्रकाशच्या फोटो स्टुडिओत कामाला लागली. हे साधारण दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं.

ओमप्रकाश बोलघेवडा, मनाने सरळ माणूस. लग्नं, साखरपुडे, बारशी, जे असेल त्याची शूटिंग करायचा आणि सीडी बनवून द्यायचा. लग्नाच्या सीडीत टाकायला त्याच्याकडे उडणारी कबुतरं होती, पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम होते. बारशासाठी मात्र चाकं लावलेली, आत अस्वल बसवलेली कुठलीतरी विलायती खाट होती. ती बघून एका आजीने विचारलं होतं, "हे भाजीचं गाडं काहून फिरवून राहिलाव?"

"रुपाताई, आपल्याकडचा पाळणा काढता येईल का? हलता?" त्याने विचारलं.

"बघते," रुपा म्हणाली.

कॉम्प्युटरवर चित्र मोठं करून पाहिलं की ते बारीक चौकोनांचं होतं, हे तिला आधीच दिसलं होतं. ही तर दोसुतीच, फक्त सुईच्या जागी माऊस. तिने एकेक चौकोन रंगवत पाळणा काढला. गज, कड्या, वरचे राघू. पाळण्याला बांधलेली दोरी तिने चौकटीच्या डाव्या कडेपर्यंत नेली. मग तोच पाळणा थोडा सरकवून पुन्हा, अजून थोडा सरकवून पुन्हा, अशी चित्रं काढली आणि एकापाठोपाठ एक लावली. मधेच लाईट जायची आणि न साठवलेलं सगळं पुसलं जायचं. ती पुन्हा पहिल्या गजापासून सुरू करायची. ओमप्रकाश म्हणायचा, "ताई, एवढ्यात तर तुमच्या गावच्या जळबाने खरा पाळणा केला असता." जळबाचं नाव निघालं की रुपाचा माऊस क्षणभर थांबायचा.

अखेर पाळणा हलला. ओमप्रकाशने स्टुडिओत येईल त्याला तो दाखवायचा सपाटा लावला. फोटो काढायला आलेला एक जीपवाला म्हणाला, "मस्तच! पण घड्याळाच्या लंबकावानी वाटून राहिला." कुणी म्हणालं रंग भडक पाहिजे, कुणी म्हणालं राघू अजून मोठे करा. रुपा ऐकून घ्यायची आणि जे पटेल ते दुरुस्त करायची. राघू मोठे केले. झुलण्याच्या दोन्ही टोकांना पाळणा जरा रेंगाळावा म्हणून तिथं एकेक चित्र जादा घातलं. लंबकपणा गेला.

शेवटी ओमप्रकाश स्वतः खुर्ची ओढून समोर बसला. डोकं एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलतं करत बराच वेळ बघत राहिला.

"एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा ना, ओमभाऊ."

"हलका वाटतो. भरल्या पाळण्याला कसा झोक असतो, जड... हा आपला वाऱ्यावर गेल्यावानी..." बोलता बोलता त्याला रुपाच्या लेकराची ऐकलेली गोष्ट आठवली असावी. तो उठला. "राहू द्या. बराबर हाय. आन् ही दोरी कडेला अशी तुटली काहून?"

"तुटली न्हाई. चौकटीच्या भाईर गेली."

"असं व्हय," म्हणून तो चहा सांगायला गेला.

पाळणा पहिल्यांदा गेला तो पुसेगावच्या तातेरावांच्या नातवाच्या बारशाच्या सीडीत. आठवडाही झाला नसेल, तातेराव ती सीडी पिशवीत घालून स्टुडिओत हजर.

"ओमप्रकाश, तू आमचा दुश्मन हायस का दोस्त, एकदा सांगून टाक."

"काय झालं, मामा? सीडी अटकली का?"

"अटकली असती तर पेढे वाटले असते! अरे, बारशाच्या सीडीत रिकामा पाळणा हलवून ठेवलास, आन् त्योबी आमच्या नातवाच्या नावाच्या वर! आमच्या मंडळीनं टीव्हीवर पदर टाकला. सूनबाई रडून राहिली. रिकामा पाळणा हलवू नये, लेकराला लागतं, हे तुझ्या मायनं शिकवलं न्हाई का तुला?"

ओमप्रकाशने कपाळावर हात मारला. इतके दिवस त्याने रंग पाहिले होते, राघू पाहिले होते. पडद्यावरच्या चौकोनांचा पाळणा हाही पाळणाच, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रुपाचं वेगळं होतं. तिला तो पाळणा रिकामा दिसतच नव्हता.

"चुकलं, मामा. उद्या दुसरी सीडी देतो. पाळण्यात लेकरू टाकून देतो."

तातेराव पायऱ्या उतरले. ओमप्रकाश वळून हळू आवाजात म्हणाला, "ताई, चार चौकोन गोऱ्या रंगाचे आन् दोन काळे टिपके डोळ्यांचे. झालं लेकरू. न्हाई तर मी काढतो. तुमी नका काढू."

"न्हाई," रुपा म्हणाली. "माझं चित्र हाय. मीच काढते."

त्या दिवशी ती पडद्यासमोर बसून राहिली. गोरा रंग निवडला. गजांच्या आड एक चौकोन भरला, पुसला. पुन्हा भरला, पुन्हा पुसला. तिच्या लेकीचा रंग शेवटी कसा झाला होता, ते तिला आठवत होतं, आणि तोच रंग हाताला येत होता. दुसऱ्या कुणाचं गोरंगोमटं लेकरू तिथं निजवायचं म्हणजे तिची जागा देऊन टाकायची. नाही काढलं, तर ओमप्रकाश स्वतः काढणार, नाही तर तीच विलायती खाट परत लावणार आणि पाळणा कायमचा पुसून टाकणार. शेवटची जीप सुटायची वेळ झाली, तरी गजांमागे काही नव्हतं.

घरी आली तेव्हा मिराबाई चटणी वाटत होती. पाटा-वरवंट्याचा घरघर आवाज चालू होता. रुपा दारातच थांबली आणि तिने वर माळ्याकडे पाहिलं. बारशाला बायका लेकराच्या आधी वरवंट्याला टोपडं घालतात, पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात आणि पाळण्यात निजवतात. दगडासारखं टणक हो, म्हणून. त्या दगडाला कुणाचं नाव नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने राखाडी रंग घेतला. लांबट आकार भरला, त्यावर पांढरं टोपडं काढलं, अंगावर लाल लुगड्याचा तुकडा पांघरला. पायाकडच्या टोकाचा एक चौकोन मोकळा सोडला. मग सगळी चित्रं नव्याने लावली, पाळण्याला झोक जड दिला.

ओमप्रकाशने पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "आता कसं! लेकरू काय गाढ झोपलंय! आन् वजनबी आलं बघा." तातेराव दुसरी सीडी घेऊन गेले आणि घरून पेढे पाठवले. पुढं त्या भागातल्या कितीतरी बारशांच्या सीडीत तो पाळणा हलला. बायका टीव्हीसमोर म्हणायच्या, "किती गोड लेकरू!" रुपाला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही.

वर्षभराने शेजारच्या घरी बारशाची सीडी लावली होती, म्हणून मिराबाईला बोलावणं आलं. रुपाही मागे जाऊन उभी राहिली. पाळणा आला तशी बायकांत कुजबूज झाली. मिराबाईने डोळे बारीक केले, पदराने पुसले, पुन्हा पाहिलं. घरी आल्यावर चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "टवका बराबर काढलास, माय."

रुपा तिच्याशेजारी टेकली.

"आन् ती दोरी? ती कुठं गेली?"

"चित्राच्या भाईर."

"भाईर कुणाच्या हातात हाय?"

रुपाचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं मिटलेली होती. मिराबाईने त्या हाताकडे पाहिलं, जाळ मागे ओढला आणि पुन्हा विचारलं नाही.