शकुनाचं दही

आमच्या सासरच्या गावात, साताऱ्याकडे, कुणी नोकरीसाठी परदेशी निघालं की अजून म्हणतात, "बायकोच्या हातचं दही खाऊन जाऊ नको रे बाबा." मग सगळे हसतात. ती बायको म्हणजे मी. जत्रेला गेले की नव्या सुनांना मला लांबून दाखवतात, ह्याच त्या म्हणून. मीही हसते. हसले नाही तर म्हणतात, हिला साधी थट्टा सोसत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही सानपाड्याला राहायचो. मी, हे, दोन मुली आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात कूलिंग प्लँटवर होते. कारखान्याला टाळं लागलं आणि हे घरी बसले. घरी बसलेला पुरुष किती जागा व्यापतो ते मला त्या वर्षी कळलं. साड्यांना फॉल लावून मी कसंबसं घर ढकलत होते. अशात वाशीच्या एका एजंटकडून बातमी आली की मालदीवला माणसं हवीत. तिथे म्हणे एकेका बेटावर एकेक हॉटेल असतं, चारी बाजूंनी समुद्र, आणि एसी सांभाळायला जाणकार माणूस लागतो. ह्यांच्या कारखान्यातला एक दोस्तही निघाला होता. तो रायगडच्या किनाऱ्याकडचा मुसलमान, राहायला जुईनगरला. दोघांचीही निवड झाली. राहिलं होतं ते पासपोर्ट आणि मेडिकल. हे गेले असते तर मुलींच्या शाळेपासून घराच्या हप्त्यापर्यंत सगळं मार्गी लागलं असतं. खरं सांगायचं तर त्यांनी जावं असं त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं.

एजंटने पहिल्याच दिवशी दम भरला. "तिकडे बेटावर मलेरिया नाय. तिकडचं सरकार एकदम कडक. रक्तात मलेरिया मिळाला तर एअरपोर्टवरूनच परत." झालं, आमच्या घरात मलेरियाविरुद्ध मोहीम निघाली. सानपाडा तेव्हा अर्धा खाडीत आणि अर्धा बांधकामाच्या खड्ड्यांत होता, डासांना काय तोटा? घरात मच्छरदाणी एकच, ती ह्यांच्या कॉटवर लागली. आम्ही चौघी खाली जमिनीवर, पांघरूण तोंडावर ओढून. आत्या रोज दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायच्या आणि ह्यांना किराइताचा काढा पाजायच्या. एवढं करून मलेरिया घरात आलाच, पण तो मला झाला. मी हुडहुडी भरून पडले तर आत्यांनी लेकाला तडक जुईनगरला दोस्ताच्या घरी झोपायला धाडलं आणि मला म्हणाल्या, "तुला आत्ताच व्हायचा व्हता का?" जणू मी मुद्दाम वेळ साधून तो मागवला होता.

मग इंजेक्शनं झाली, एक टायफॉइडचं, एक काविळीचं. दंड सुजला की मी तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकायचे. छातीचा एक्स-रे झाला. मेडिकलमध्ये एड्सचीही तपासणी असते, असं एजंट भर ऑफिसात मोठ्यानं म्हणाला, तेव्हा हे इतके लाजले की घरी येऊन मला ते भिंतीकडे तोंड करून सांगितलं. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला, त्याला चहाबरोबर चिवडा झाला. बेटावर ऊन कडक म्हणून ह्यांनी एक गोल टोपी आणली आणि ती घालून आरशासमोर उभे राहिले. मुली टाळ्या पिटत होत्या. मला ते त्या टोपीत फार आवडले होते, हेही सांगून टाकते.

त्या दिवसांत हे पाणी फार प्यायचे. माठ मी सकाळी काठोकाठ भरायचे, दुपारी तळ दिसायचा. पँट कमरेला ढिली झाली होती. आम्ही म्हटलं, काढ्याने तोंड कडू होतं म्हणून पाणी लागतं, आणि काळजीने माणूस वाळतोच. शेजारी म्हणाले, बारीक झालात, आता हॉटेलात शोभाल. शिवाय निरोपाची जेवणं चालूच होती. आज एकाकडे बासुंदी, उद्या दुसऱ्याकडे पुरणपोळी, परवा कुणाच्या तरी मामाकडे श्रीखंड. डास मारण्यात आम्ही इतके गर्क होतो की दुसरं काही दिसलंच नाही.

मेडिकलला उपाशी पोटी यायचं, हे एजंटने बजावून सांगितलं होतं. आता उपाशी कशाला म्हणायचं ह्याबाबतीत आम्ही लोक फार उदार. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर रताळ्याचे काप खाऊन आम्ही उपाशीच असतो. हे निघाले, चपला घातल्या, तशा आत्या आतून म्हणाल्या, "अगं, शकुनाचं दही दे की त्याला."

मी म्हटलं, "आत्या, त्यांना उपाशी जायचंय."

"शकुनाला कुठं खाणं म्हंत्यात? चमचाभर तर द्यायचं हातावर."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तळहात पुढे केला. मी दही घातलं, वर साखर घातली. त्यांनी ते चाटलं, देवाला हात जोडले आणि गेले. सांगितलं आत्यांनी, खाल्लं ह्यांनी आणि नाव झालं माझं.

रिपोर्ट एजंटकडे आला. मलेरिया नव्हता. छाती स्वच्छ होती. ज्या तपासणीला हे लाजले होते तीही ठीक निघाली. साखर मात्र भलतीच वाढलेली होती. अनफिट. हे घरी आले, मच्छरदाणी एका हिसक्यात ओढून काढली, कॉटवर बसले आणि आईला म्हणाले, "हिनं दही चारलं म्हणून रक्तात साखर निघाली. गेली नोकरी."

आत्या माझ्याकडे वळल्या. "तुला अक्कल नव्हती का गं? उपाशी जायचं व्हतं न्हवं त्याला?"

मलासुद्धा ते खरंच वाटलं. माझ्याच हाताने घातलेली साखर, ती दुसरीकडे कुठे जाणार? कित्येक दिवस मला घास गेला नाही. मुलींच्या तोंडचा घास मी काढला, असंच मनात यायचं, आणि ते मनात राहावं ह्याची आत्या रोज काळजी घ्यायच्या.

दोस्त बेटावर गेला. ह्यांना काही महिन्यांनी वाशीच्या मार्केटजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळालं. आणि हे ती गोष्ट सांगायला लागले. आधी रागाने सांगायचे, पुढे गमतीने. सोसायटीच्या पूजेला, गावच्या जत्रेत, कुणाच्या लग्नात पंगत बसली की सुरू. सांगण्याची हातोटी होती त्यांना. "तिकडं समुद्राचं वारं खात बसलो असतो," म्हणायचे, "पण आमच्या बाईसाहेबांनी चमचाभर दह्यात अख्खं बेट बुडवलं." लोक पोट धरून हसायचे. मी जिलबी वाढत असायचे. हे पान पुढे करून म्हणायचे, "घाल, आता काय भ्यायचं?" आणि पुन्हा हशा.

दोस्त सुट्टीवर आला तो दोन वर्षांनी. आमच्यासाठी सुक्या माशांचा डबा आणला, मुलींना शिंपल्यांच्या माळा. हे आंघोळीला गेले होते, आत्या देवळात. चहा ठेवता ठेवता मी सहज म्हटलं, "तुमचं नशीब चांगलं. आमचं दह्यानं घालवलं."

तो म्हणाला, "भाभी, त्या दह्याचं काय घेऊन बसलात? माझा पण पयला रिपोर्ट खराबच आलेला. लघवीत काय तरी निघालं. एजंट बोलला, टेन्शन घेऊ नका, आठ दिवसांनी उपाशी येऊन परत द्या. दोघांना एकच तारीख दिलेली. मी गेलो, पास झालो. हा आलाच नाय. मला वाटलं, तुमीच नको बोललात, पोरी लहान म्हणून."

चहा उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा मी भानावर आले.

तो गेल्यावर मी ह्यांना विचारलं. वाटलं होतं, अंगावर ओरडतील. ते शांतपणे म्हणाले, "गेलो होतो तपासायला. एजंटकडं नाही. त्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या डॉक्टरकडं. कडक उपाशी. पाण्याचा घोटसुद्धा न्हाय."

"मग?"

"तेवढीच निघाली. साखरेचा रोग हाय म्हणाला. गोळ्या लिहून दिल्या."

"आणि दही?"

"एका चमच्यानं एवढी वाढत न्हाय म्हणाला."

म्हणजे हे सगळं माहीत असताना दोन वर्षं हे पंगतीपंगतीत माझं हसं करत होते. मी म्हटलं, "मग माझ्यावर का ढकललंत?"

"मग काय सांगू लोकांना? रोगी हाय म्हणून? उद्या कोल्ड स्टोरेजवाला तरी ठेवील का? तुझं काय जातंय? हसत्यात तेवढंच."

"आणि त्या गोळ्या?"

"गोळ्या घरात आल्या की आईला कळंल. आईला कळलं की गावाला." आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून मला मुलींची शपथ घातली. त्या वेळी मला ह्यांचा जो तिटकारा आला, तो पुढे कमी झाला पण गेला नाही. आता मुली आपापल्या घरी सुखरूप आहेत आणि शपथ घालणारा माणूस राहिला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी माझ्या परीने करत राहिले. चहात साखर कमी केली, भात कमी वाढू लागले. आत्या म्हणायच्या, "लेकाच्या च्यात साखर घालायला हिचा जीव जातोय." आणि वरून आपल्या हाताने दोन चमचे घालायच्या. हे तो चहा पिऊन माझ्याकडे न बघता कप खाली ठेवायचे. मी गोळ्या आणून डाळीच्या डब्यात लपवल्या, त्या ह्यांनी संडासात ओतल्या. नवऱ्याला वाचवायचं तर शपथ मोडायची, आणि शपथ मोडावी तर मुलींच्या जिवाची भीती. मी शिकलेली होते, दहावी पास, तरी ती भीती मला होती.

दशक संपता संपता कोल्ड स्टोरेजमध्ये ह्यांच्या पायात मालाच्या लाकडी पेटीचा खिळा घुसला. जखम भरेना, मग काळी पडायला लागली. शेवटी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "डायबेटिस किती वर्षांपासून आहे?" हे छताकडे बघू लागले. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. आता तरी बोलतील असं मला मनापासून वाटलं. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "कसला आलाय डायबेटिस? माझ्या लेकाला काय बी नव्हतं. हिनं त्या मेडिकलच्या दिवशी साखर चारली, तवापास्नं लागलंय त्याला."

आधी नोकरी माझ्यामुळे गेली होती, आता रोगही माझ्यामुळे झाला. डॉक्टर हसले. हे छताकडेच बघत होते.

पाय गुडघ्याखाली काढायचा ठरला. ऑपरेशनच्या सकाळी आत्या घरून डबा घेऊन आल्या. डब्यात वाटी, वाटीत दही, वर साखर. पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं नर्स नुकतीच सांगून गेली होती. आत्यांनी वाटी माझ्या हातात ठेवली. "तूच दे. तुझ्या हातानं गेलंय, तुझ्याच हातानं येऊ दे."

मी वाटी घेतली आणि ह्यांना म्हटलं, "शपथ तुम्ही घातलीत, मी मोडत नाही. तुम्हीच सांगा आत्यांना, त्या दह्यानं काय झालं होतं आणि काय नव्हतं."

ह्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता कशाला ते?" म्हणाले. "होऊन गेलं."

त्यांचा पाय जाणार होता. मला दया यायला हवी होती. मला राग आला. मी त्यांच्या कॉटशी उभी राहून, चमचा नव्हता म्हणून बोटांनी, ते सगळं दही खाऊन टाकलं. वाटीच्या तळाची साखरसुद्धा पुसून खाल्ली. आत्यांनी कपाळावर हात मारला. ह्यांनी डोळे मिटले.

गावात आता माझ्या दोन गोष्टी सांगतात. बायकोच्या दह्यानं नवऱ्याची परदेशातली नोकरी गेली, ही एक. नवऱ्याचा पाय कापायला नेत होते आणि बायको शकुनाचं दही स्वतःच खाऊन बसली, ही दुसरी. दुसरी खरी आहे.