हलकं केलेलं शेत

विमानातून जमिनीचं वजन करतात, असं मी काकांना फोनवर सांगितलं आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

माझं काम गुरुत्वाकर्षण मोजण्याचं. खाली जड खडक असेल तिथं जमिनीची ओढ किंचित वाढते, आणि त्यावरून खनिज कुठं शोधावं याचा अंदाज येतो. पूर्वी यंत्र घेऊन पायी फिरावं लागे, जागोजाग थांबून मोजावं लागे. विमानातून मोजावं, तर विमानाचे हिसके त्या किंचित फरकापेक्षा कितीतरी मोठे. आता उपग्रहांमुळे विमानाची बारीकसारीक हालचाल कळते. ती वजा केली की जमिनीची ओढ उरते. मला अजूनही याचं नवल वाटतं.

त्या हिवाळ्यात विमान नेमकं जिंतूरजवळच्या आमच्या गावावरून जाणार होतं. कोळपं चालवावं तसं, सरळ जायचं, वळायचं, शेजारच्या ओळीनं परत यायचं. मी सुट्टी काढून गेले, तर काका-काकू शेतात. माझ्या जन्माआधीपासून बांधाला पडलेला दगडांचा ढीग ट्रॉलीत भरणं चाललेलं. हौद रिकामा. बैल भावकीच्या शेतात बांधलेले.

“काका, हे काय करायलाव?”

“वजन कमी करायलोत. जड लागलं की खाण काढतेत, अन् जमीन जाती.”

मला हसू आवरेना. घामाघूम काकूनं माझ्याच हातात एक दगड ठेवला. “हसायलीस काय? उचल.”

उचलला. उचलता उचलता समजावलंही, की खाली काळ्या कातळाचे थरावर थर आहेत, त्यापुढं हा ढीग म्हणजे काहीच नाही.

“मग शेजारच्या गावावरून इमान एवढं खालून कशाला गेलं?” काकांनी विचारलं. विमान आलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना शेताबाहेर काढलं आणि स्वतःही बांधापलीकडं जाऊन उभे राहिले.

पुढं नकाशे तयार झाले. आमच्या भागात खाण काढण्याजोगं काही दिसलं नाही. मला इतका आनंद झाला की लगेच फोन लावला.

“काका, निवांत झोपा. जमीन कुठं जात नाही. आपल्या शेताखाली काहीच नाही.”



“काहीच न्हाई?” आवाज पार पडलेला. “असं कसं? एकदा फिरून बघा म्हणावं त्यांना. त्या दिवशी आमी दगडं काढले होते.”