सदबर्ग काय खाते

मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीत कुणाचं पोर फिकट दिसू लागलं, की बायका त्याला काखोटीला मारून ओयनिसाकडे येत. ओयनिसा पोराची खालची पापणी ओढून आतला रंग बघे, जीभ बाहेर काढायला लावे आणि म्हणे, "आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून आणा. मी काय जादूगार आहे?" पण रिकाम्या हाताने तिने कुणाला परत पाठवलं, असं कधी झालं नाही. वाळलेले जर्दाळू, थोडे काळे मनुके, चार-दोन अक्रोड रुमालात बांधून ती देई आणि वर दम भरे. "हे औषध नाही, खाणं आहे. रोज थोडं खाल्लं तर अंगी लागेल. एका बैठकीत फस्त केलं तर पोट बिघडेल आणि नाव माझं होईल."

तिचा नवरा सोबिर रेशीम रंगवायचा. त्याची नखं कधी निळी असत, कधी डाळिंबी. बायकोच्या हातच्या जेवणाबद्दल त्याची एकच तक्रार होती, ती म्हणजे जेवणाबरोबर चहा मिळत नाही. मर्गिलानच्या घरात जेवायला बसायचं आणि समोर चहाची किटली नाही, हे ऐकायलासुद्धा बरं वाटत नाही. पण दवाखान्यातली डॉक्टरीणबाई एकदा म्हणाली होती, की जेवणावर लगेच चहा ढोसला तर खाल्ल्यातलं लोह अंगात नीट उतरत नाही, तासभर थांबा. तेव्हापासून ओयनिसाच्या घरी किटली जेवणानंतर तासाने येई. "ज्या पोरीसाठी ही बंदी आली ती सासरी नांदतेय," सोबिर पाहुण्यांना सांगे, "आणि शिक्षा मी भोगतोय!"

ती पोरगी म्हणजे सदबर्ग. ओयनिसाच्या पोटची नव्हे, थोरल्या बहिणीची, मस्तुराची. ओयनिसाची दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि तिसऱ्याला डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. त्याच सुमारास ताश्कंदला मस्तुराला दोन मुलांच्या पाठीवर ही मुलगी झाली. मस्तुरा अंथरुणाला खिळली, अंगावर दूध नाही, आणि पोर तर मेणासारखी पांढरी. मग दोघींच्या आईने, आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय त्याप्रमाणे, एका लेकीचं लेकरू उचललं आणि दुसऱ्या लेकीच्या ओटीत घातलं. ना कागद, ना सही. "आता ही तुझी," म्हातारी म्हणाली, आणि ओयनिसाने ते खरं मानलं.

पोरीला वाढवायला तिने घरातल्याच गोष्टी घेतल्या. मूग आणि तांदूळ मऊ शिजवून, वाफवलेला लाल भोपळा, किसलेलं बीट, डाळिंबाचा रस, वसंतात बांधावरून खुडून आणलेल्या पाल्याचे समोसे. दर महिन्याला दवाखान्यात रक्त तपासायचं आणि आकडा वर गेला की घरी येऊन दोन घास स्वतः जास्त खायचे. हळूहळू पोरीच्या गालांवर रंग आला. ती ओयनिसाला 'ओयी' म्हणू लागली, म्हणजे आई.

आणि शाळेत घालायची वेळ झाली तेव्हा मस्तुरा आली. ठणठणीत बरी होऊन, नव्या कपड्यांत, डोळ्यांत पाणी घेऊन. तिकडे शाळा चांगल्या आहेत, म्हणाली. तोंडी दिलेलं लेकरू तोंडीच परत मागितलं होतं. जाताना मस्तुराने पोरीला शिकवलं, "हिला खोला म्हणायचं. मी ओयी, ही खोला." मावशी! शेजारची उनसिन-ओपा, म्हणजे उनसिनताई, तोंडाची फटकळ. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत ती म्हणाली, "घे! दुसऱ्याच्या पोरीला बाळसं आणून दिलंस, आता कोणाला भरवशील?" ओयनिसा तिच्याशी वर्षभर बोलली नाही. बोलायला लागली ती नवरोझच्या सणाला सगळी गल्ली मिळून शिजवते त्या सुमलकासाठी, कारण त्या कामात अबोला चालत नाही.

नवरोझ जवळ आला की सगळ्या गल्लीच्या सुमलकाचे गहू ओयनिसाच्याच घरी भिजत. सुमलकात साखर पडत नाही. गव्हाला मोड आणायचे, कुटून त्यांचं दूध काढायचं, आणि कणीक-तेलाबरोबर भल्या थोरल्या कढईत ते ढवळत राहायचं, हात भरून आले की दुसरीने उलथनं घ्यायचं. मोडांची गोडी आपोआप वर येते. हिवाळाभर सुकं आणि खारवलेलं खाल्लेल्या अंगाला त्या एका वाटीने तरतरी येते. सगळी कळ मोडांत आहे. फळीवर पसरलेल्या गव्हाची पांढरी मुळं एकमेकांत गुंतून गोधडीसारखी होतात. कोंब सुईएवढे आणि पांढरे आहेत तोवर ती उचलायची. एक दिवस जास्त झाला, कोंबावर हिरवा रंग चढला, की सगळी कढई कडू. इतक्या वर्षांत ओयनिसाचा गहू एकदाही हिरवा झाला नव्हता.

त्या वर्षी सदबर्गला आठवा महिना होता. कोकंदच्या सासरी ती बरी होती, फक्त रक्त पुन्हा कमी झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आणि ओयनिसा फोनवरून रोज विचारी, "घेतलीस? आज काय खाल्लंस? खरं सांग." पहिलटकरीण बाळंत झाली की चिल्ल्याचे चाळीस दिवस आईकडे येते. कोणत्या आईकडे, हे कुणी उघड बोललं नव्हतं. पण ओयनिसाने उन्हाळ्यात वाळवलेले जर्दाळू तिच्यासाठी बाजूला काढून ठेवले होते, भोपळे माळ्यावर चढवले होते, मागची उबदार खोली सारवून घेतली होती. पाळणा रंगवायला दिला, तेव्हा सोबिर हळूच म्हणाला, "अगं, तिला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? हे तिचं माहेर नाही का?"

सोबिर आपल्या रंगाच्या कामाला लागला. त्यालाही तेच हवं होतं, नाहीतर त्याने एवढ्यावर सोडलं नसतं.

नवरोझआधी सदबर्गचा फोन आला. "खोला, मी गुरुवारी येते. तुझ्याशी बोलायचंय." बोलायचंय म्हणजे चिल्ल्याचंच असणार, ओयनिसाचा जीव सुपाएवढा झाला. बुधवारी गव्हाची गोधडी अगदी बेताची झाली होती. उनसिन-ओपा परात घेऊन दारात आली. "उचलायची ना?"

"उद्या."

"उद्या? डोळे फुटले का गं तुझे? बघ की, तयार झालीय."

"अजून गोडी उतरायचीय," ओयनिसा चक्क खोटं बोलली. सदबर्ग लहान असताना पहिला तुकडा तीच फाडायची. पोटात लेकरू असताना तिच्या हातानं तो फाटला, तर काय सांगावं, लेकरालाही कळेल आपलं घर कोणतं ते. असलं काहीतरी वेडं ओयनिसाच्या मनात होतं.

गुरुवारी ऊन सणसणीत पडलं. सदबर्ग आली नाही. नवऱ्याला सुट्टी मिळत नाही, शनिवारी येतो, असा निरोप आला. ओयनिसाने फडकं उचललं तर फळीभर हिरवळ.

बायका जमल्या. एक म्हणाली साखर घालू, दुसरी म्हणाली टाकून द्या. साखरेचं नाव काढताच उनसिन-ओपाच कडाडली, "लाज वाटत नाही? पिढ्यान्पिढ्या नाही पडली ती आता घालता!" दुसरे गहू भिजवायला वेळ नव्हता. शेवटी तेच कुटलं, तेच शिजवलं, आणि शनिवारी सकाळी गल्लीने वाट्या पुढे केल्या. पोरांनी तोंडं वाकडी केली. मोठी माणसं 'छान आहे' म्हणत पाणी प्यायली. "नवरोझला तोंड गोड करायला आले होते मी," उनसिन-ओपा म्हणाली, "आता यावर तरी चहा देशील ना बाई?" सगळ्या हसल्या. ओयनिसाही हसली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दुपारी सदबर्ग आली. जड पावलांनी, गाल उतरलेले. ओयनिसाने आधी तिची पापणी ओढून बघितली आणि मग मिठी मारली. सदबर्गने एक वाटी सुमलक संपवलं, बोट फिरवून.

"कडू झालंय, खोला."

"झालंय खरं."

"माझ्यासाठी थांबलीस ना?"

"छे गं. वय झालं आता, ध्यान राहत नाही."

सदबर्गने तिचा हात धरला. "खोला, मी चिल्ल्याला ताश्कंदला जाणारेय. ओयीकडे. फोनवर सांगवेना मला."

ओयनिसा भडाभडा बोलू लागली. तिथं घर लहान, भावजया दोन, त्यांची पोरं, तुझं रक्त असं कमी, तुझ्याकडे बघणार कोण?

"ओयी बघेल."

"तिला काय कळतंय!" तोंडातून निघून गेलं.

"नाही कळत," सदबर्ग म्हणाली. "कळायला मी तिच्या हाताशी होते कुठं? मी चालायला कधी लागले, दात कधी आले, तिला विचारलं की ती विषय बदलते. परवा म्हणाली, 'तान्हेपणी मी तुला कधी न्हाऊ घातलंय असं मला आठवतच नाही.' तुझ्याकडे ते सगळं आहे, खोला. तिला एवढं तरी मिळू दे."

"म्हणजे तेव्हाही मीच द्यायचं, आणि आताही मीच?" ओयनिसाला राग आला होता. या पोरीवर तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला होता.

"हो," सदबर्ग रडायला लागली. "दुसऱ्या कुणाकडे मागू मी?"

ओयनिसाने तिचे डोळे पुसले, तिच्या गाडीत जर्दाळू, अक्रोड आणि दोन भोपळे ठेवले, आणि गाडी गेल्यावर मागच्या खोलीला कडी लावली. सोबिर जाऊन पाळणा घेऊन आला आणि त्यानेच तो ताश्कंदला पाठवला. दोन दिवस त्या घरात नीट चूल पेटली नाही.

महिन्याने सदबर्गला मुलगी झाली. सुखरूप. आनंदाचा फोन आला, पेढ्यासारखी मिठाई गल्लीत वाटली गेली, उनसिन-ओपाने ओयनिसाला 'आजी' म्हणून हाक मारली आणि ओयनिसाने तिला दारातून पिटाळलं. चिल्ला ताश्कंदला सुरू झाला. आठवडाभराने एका दुपारी मस्तुराचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"ओयनिसा, पोरगी जेवत नाही गं. रस्सा केला, पुलाव केला, सुनांनी काय काय केलं. ताट तसंच परत येतं. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे, खाऊ घाला. खाते काय ती? शाळेच्या वर्षांत समोर येईल ते निमूट गिळायची, तिला रुचतं काय ते मला माहीतच नाही. नाहीतर... तुझ्याकडे आणून सोडू का तिला? तुझ्याजवळ राहील ती नीट. मला नाही जमत हे."

मागच्या खोलीची कडी ओयनिसाला समोर दिसत होती. एक 'आण' म्हटलं असतं, की संध्याकाळी गाडी दारात होती. हा शब्द ऐकायला ती किती वर्षं थांबली होती! तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"जमेल," ती म्हणाली. "ऐक नीट. मूग आणि तांदूळ पातळ शिजव, इतकं पातळ की चमचा उभा राहू नये. कांदा मोठा चीर, तिला तो वेचून बाजूला काढायचा असतो. बारीक चिरलास तर हात लावणार नाही. वरून दही दे. बीट किसून त्यावर लिंबू पिळ, लिंबाशिवाय देऊ नकोस, त्यानं लोह चांगलं अंगी लागतं. काळीज नको म्हणते, पण बारीक करून समोशात भर, खाते. फक्त सांगू नकोस. चहा मागेल, तासभर देऊ नकोस, रुसली तरी. आणि डॉक्टरांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. खाणं गोळ्यांच्या जोडीला आहे, बदल्यात नव्हे. लिहून घेतेस का?"

"घेते गं, घेते. अजून?"

आता एकच गोष्ट सांगायची बाकी होती.

"एकटीला ताट देऊन निघून जाऊ नकोस. तिच्यासमोर बसायचं. समोर कुणी असल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. लहानपणापासून."

"मी बसेन."

"नुसती बसू नकोस, तूही जेव तिच्याबरोबर."

पलीकडे मस्तुरा रडत होती. ओयनिसाने हळूच फोन ठेवला. तिचं स्वतःचं जेवण राहिलं होतं. तिने ताट वाढून घेतलं, पहिला घास मोडला आणि तसाच हातात धरून बसली. मग तिने अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकता का? जरा इकडे येऊन बसा."

"माझं झालंय की जेवण," सोबिर बाहेरून म्हणाला.

"माहितीये. तरी या."

सोबिर निळे हात पुसत आला आणि तिच्यासमोर बसला.