कर्लीचं वरचं पाणी

कर्ली समुद्राला मिळते तिथून आमचं घर जवळच आहे. आमच्या दारात नदी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. त्यामुळे पाण्यावर काही करायचं तर आधी तिथी बघायची, ही आमच्याकडची जुनी सवय. आईला घेऊन नदीवर जायचं ठरलं तेव्हाही मी तेच केलं. रविवारी अष्टमी होती. भांगाचं पाणी, म्हणजे भरतीला जोर नाही. एवढी खात्री करून मी गाडी काढली.

आई बहात्तर वर्षांची. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर फारशी पडत नव्हती. तिचं माहेर याच कर्लीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथे तिच्या बालपणीच्या मैत्रिणीने आणि गावातल्या काही निवृत्त मंडळींनी एक रिवाज पाडला होता. दिवाळीनंतर पाणी नितळलं की दर रविवारी नदीच्या पात्रातून वर चालत जायचं, कोंडीत, म्हणजे कातळातल्या डोहात, पोहायचं, काठावर डबे खायचे आणि परतायचं. आईला त्यांच्यात जायचं होतं. नियम असा की पहिल्या खेपेला घरचं माणूस सोबत यायला हवं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि हो की नाही ते सांगावं.

मी नाही सांगायला निघालो होतो. आदल्या वर्षी दारापुढच्या खळ्यात घसरून आईचं मनगट मोडलं होतं, आत अजून धातूची पट्टी आहे. तिचं वजन, रक्तदाब, गोळ्यांचं प्रमाण मला तोंडपाठ आहे, आणि त्यातला कुठलाच आकडा नदीत उतरण्याच्या बाजूने नव्हता. पण न बघता नाही म्हणणं मला योग्य वाटेना.

काठावर मंडळी काठ्या घेऊन उभी होती. मी आपला धीर द्यायला म्हणालो, "आज अष्टमी. पाणी भांगाचा असतला, चढाचा नाय."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मग आईच म्हणाली, "रे, हय भरती खंयसून येतली? दर्यो काय घाट चढान येतलो?"

"तुझो झील पंचांग बघून इलो काय गो?" तिची मैत्रीण काठीवर रेलून हसत सुटली. मीही हसलो. ज्या नदीच्या काठी जन्म काढला, तिला वरच्या अंगाला भरती नसते हे कळत असूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पाण्यात पाय घालण्याआधी एका निवृत्त गुरुजींनी दगडावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी म्हातारी पोरां आज तुझ्या पाण्यात उतरतत. जशी इली तशी घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आणि कोणाच्या झिलाच्या पोटात गोळो इलो आसात, तर तो काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्यांची चालायची रीत वेगळी होती. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याने पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलाने जायचं. म्हणजे कोणी मागे पडत नाही. जाताना गुडघा बदललेली मैत्रीण पुढे होती. आई मधे, मी तिच्या पाठीशी, हात पुढे करून. तिने एकदाही तो धरला नाही.

एका वळणावर झाडी सरली आणि समोर डोंगर उभा राहिला. सह्याद्री मी रस्त्यावरून कितीदा पाहिला आहे. पण पात्रात उभं राहून पाहिलं तेव्हा मान पुरेना. डोक्यावरून दोन धनेश गेले. त्यांच्या पंखांचा आवाज आधी ऐकू आला, नौकेचं शीड फडफडावं तसा, आणि मग पक्षी दिसले. खाली कोंड होती. कातळात धरून ठेवलेलं पाणी, हिरवं आणि इतकं नितळ की तळाचे गोटे हात घालून काढता येतील असं वाटलं. खोली विचारली तर गुरुजी म्हणाले, "दीड पुरुष." दारातल्या गढूळ, खाऱ्या पाण्याचं उगमाकडचं रूप असं असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

आईने पदर खोचला, काष्टा घातला आणि ती कातळावर बसून पाण्यात सरकली.

मी पुढे धावलो, पण ती तोवर निघाली होती. हातपाय फार न हलवता, मान वर ठेवून, घाई न करता. पाणी तिला वाट देत होतं. मनगटात पट्टी असलेला हात दुसऱ्या हातासारखाच फिरत होता. समोरच्या कातळाला हात लावून ती वळली. मागे सगळा डोंगर आणि त्याच्या तळाशी तिचं भिजलेलं पांढरं डोकं.

ती परत आल्यावर मी विचारलं, "आये, तुका पोवूक येता? कधी सांगलंस नाय!"

"कोणी इचारल्यानच नाय. आणि सासराक दर्यो. दर्यात बायलमाणसां खंय पोवतत?" तिने केस पिळले. "आता तू उतर."

मी उतरलो. खाऱ्या पाण्यात तरंगायची सवय असलेलं शरीर गोड पाण्यात अंदाजापेक्षा खाली गेलं, आणि गारठ्याने माझा श्वासच अडकला. आईने एका हाताने दंड धरून मला कातळाशी आणलं. पट्टीच्याच हाताने.

परतताना मी आईच्या मागे उभा राहिलो, तर तिने मला वाट करून दिली.

"तू हो फुडे."

"मी?"

"आमचो नेम आसा. सावकाश चालणारो फुडे."

खरंच होतं. माझे पाय वाळूचे. शेवाळलेल्या गोट्यांवर दर पावलाला मी डुलत होतो. सगळी वृद्ध मंडळी माझ्या चालीने मागून येत होती आणि आई सांगत होती, "डाव्या अंगाक. काळ्या दगडार नको."

"मग काय ठरला तुमचा?" गुरुजींनी मागून विचारलं.

"फुडल्या रविवारी काठये आमचे आमी घेवन येतलंव," मी म्हणालो. "दोन."

"आणि पंचांग घराक ठेव," आई म्हणाली.

मी पुढचा दगड शोधत थांबलो. माझ्यामागे सगळेच थांबले.