दीनाबाईंचा शिरस्ता

दीनाबाई वाघचौरे नगरच्या एका ख्रिस्ती अनाथालयात आया होत्या. पंचवीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती लेकरं गेली, याची गणती नव्हती. त्यांचा शिरस्ता कडक. मूल वर्षाचं झालं की सकाळच्या प्रार्थनेआधी भांड्यावर बसवायचं, मोकळं झाल्याशिवाय उठवायचं नाही. कपड्यात केलं, तर पायावर निरगुडीची शिपटी.

१९४४ च्या उन्हाळ्यात अनाथालय चालवणाऱ्या एलिझाबेथबाई मुंबईहून बालमानसशास्त्र शिकून आल्या. आयांना जमवून त्यांनी व्हिएन्नाच्या एका डॉक्टरचा सिद्धांत सांगितला. लेकराचा सगळा जीव आधी तोंडात असतो, दूध पिण्यात. मग शी धरण्या-सोडण्यात. मग आईबापाच्या ओढीत. एखाद्या पायरीवर फार धाक बसला, तर मूल वाढतं, पण मनाचा एक तुकडा तिथंच अडकतो.

"भांड्यावर मार खाल्लेलं मूल पुढं हट्टी, नको इतकं टापटिपीचं होऊ शकतं. आतून घट्ट मिटलेलं."

बाकीच्या आया पदराआड हसल्या. दीनाबाईंना मात्र आपला लेक गिदोन दिसला.

गिदोन श्रीगोंद्याला मास्तर होता. सदऱ्याला सुरकुती पडलेली त्याला खपत नसे. दिवसातून वीसदा हात धुई. दोन वर्षांच्या लेकीला त्यानं कधी मांडीवर घेतलं नव्हतं. कपडे खराब करील म्हणून. दीनाबाईंचा नवरा वारला तेव्हा गिदोन दहा महिन्यांचा होता. कामावर जाता यावं म्हणून त्यांनी तेव्हाच त्याला भांड्याच्या धाकात घेतलं होतं. शिरस्त्यातलं पहिलं लेकरू तोच.

पुढच्या रविवारी त्या मोटारीनं श्रीगोंद्याला गेल्या. ओसरीवर बसून त्यांनी लेकाला सगळं सांगितलं.

"मला त्यातलं काही आठवत नाही, आई."

"बाई तेच म्हनत हुत्या. आठवत न्हाई, म्हनून ते जात न्हाई."

गिदोनचा चेहरा उतरला. "म्हणजे मी बिघडलेला आहे?"

"न्हाई रं. चुकले मी."

तेवढ्यात अंगणात खेळणाऱ्या पोरीनं शी करून झबलं भरवलं. गिदोन ताडकन उठला, हात उगारला. दीनाबाई मधे उभ्या राहिल्या. "आदी मला मार."

हात खाली आला. पण तो आईला मोटारीपर्यंत पोचवायला आला नाही. आली ती सून, दया. स्टँडवर तिनं सासूचा हात बराच वेळ सोडला नाही.

अनाथालयात दीनाबाईंनी मारणं बंद केलं. धुणं दुप्पट झालं. बाकीच्या आया कुरकुरल्या, तेव्हा ते जास्तीचं धुणं त्यांनी एकटीनं उपसलं. थंडीत बोटं फुटून रक्त यायचं. काही लेकरं उशिरा शिकली, पण शिकली.

नाताळला दयाचं पत्र आलं: पोरीला आता मार बसत नाही, घाण केली की हे घराबाहेर निघून जातात. एलिझाबेथबाईंनीच ते वाचून दाखवलं.

"दीनाबाई, तो सिद्धांत पटला तुम्हाला?"

"समदा न्हाई पटला, बाई," दीनाबाई पत्राची घडी घालत म्हणाल्या. "पर माज्या लेकापुरता खरा हाय."