पाटीची खुंटी

ख्राइस्टचर्चमध्ये आमच्या कुंपणापलीकडचे काका जुन्या इंग्रजी खेड्यात शोभेल अशा घरात राहतात. काळ्या तुळयांचा सांगाडा, मधे पांढरा गिलावा, आणि सांध्यांना खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. लाकूड आटलं की खुंट्या सैल होतात, म्हणून काका कमरेला लाकडी हातोडी अडकवूनच वावरतात. बोलता बोलता एखादी खुंटी ठोकतात. मी कामं उरकून मोकळी होणारी. त्यांचं कधीच न संपणारं काम बघून माझा जीव वरखाली होतो.

परवा त्यांच्या मुलाने त्यांना न विचारता अंगणात ‘घर विकणे आहे’ची पाटी रोवली.

“बाबा, सगळं घर वाकडं झालंय. भूकंपात कसंबसं वाचलं. पाडलं तर इथे दोन टाउनहाउस होतील.”

“वाकलं म्हणून वाचलं,” काका म्हणाले. “समोरचं विटांचं सरळ घर कुठेय?”

मुलगा चिडून निघून गेला. काकांनी पाटी उपटली, तिचा दांडा कापला, तासला आणि दारावरच्या खुंटीच्या रिकाम्या भोकात ठोकून बसवला.

“पाइन आहे, काका,” मी कुंपणावरून म्हटलं. “फार टिकायचं नाही.”

“पाटीपेक्षा जास्त टिकेल.”